कॅरम घ्यावा, पण पारखून

आखाजी जवळ आली की खानदेशातील घरे भरू लागतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात आणि पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव रंगतात. हाच काळ कडक उन्हाचाही असतो. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत आम्ही डॉक्टर मंडळी ज्येष्ठांना बजावून सांगतो, "सकाळी अकरानंतर सायंकाळपर्यंत घराबाहेर पडू नका." सल्ला योग्यच आहे. परंतु ते सहा-सात तास घरात कसे काढावेत, हे मात्र आम्ही क्वचितच सांगतो.

वाचकहो, या तासांचा हिशेब आपण कधी मांडला आहे का? भिंतीला टेकून पडून राहणे, दूरचित्रवाणीसमोर डुलकी घेणे, मग रात्री झोप न लागणे, झोपेच्या गोळीसाठी दवाखान्यात येणे आणि त्या गोळीच्या गुंगीत पहाटे न्हाणीघराच्या वाटेवर तोल जाणे, ही साखळी मी अनेक घरांत पाहिली आहे. तिची पहिली कडी रिकाम्या दुपारची असते. म्हणून या वेळी औषधाविषयी न लिहिता एका खरेदीविषयी लिहावे, असे ठरविले. ती वस्तू म्हणजे कॅरम.

कॅरमच का?

बुद्धिबळाला पूर्ण एकाग्रता लागते, पत्त्यांना स्मरणशक्ती. कॅरमला नजर, बोटे आणि अंदाज या तिन्हींची सांगड घालावी लागते, आणि तरीही नवख्याला तो पाच मिनिटांत समजतो. त्यात एक खेळतो तेव्हा दुसरा थांबतो. त्यामुळे गप्पांना जागा मिळते. नातवाला आणि आजोबांना एकाच पातळीवर आणणारे खेळ फार नाहीत.

२००३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींचे अनेक वर्षे निरीक्षण केले होते. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. याचा अर्थ खेळामुळे स्मृतिभ्रंश टळतोच असा नव्हे. ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच अधिक खेळत असतील, हीही शक्यता आहे. तथापि एकटेपणा आणि निष्क्रियता मेंदूला मारक आहेत, याविषयी आज वैद्यकशास्त्रात फारसा मतभेद नाही. कॅरमला निदान एक जोडीदार लागतोच. माझ्या मते औषधी गुण आहे तो या जोडीदारात.

आपल्या भागाला या खेळाचे वावडे नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने नामवंत कॅरमपटूंना आपल्या सेवेत घेऊन संघ उभा केला आणि त्या संघाने राष्ट्रीय स्तरावर नाव कमावले. गल्लीच्या ओट्यावरचा खेळ पोटापाण्याचा होऊ शकतो, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले. मात्र ओट्यावरच्या त्या खेळात घरच्या आज्या, काकू, सुना कधी बसल्या नाहीत. कॅरम घरात येईल तेव्हा पहिला स्ट्रायकर आजीच्या हाती द्यावा, एवढी विनंती येथेच करून ठेवतो.

नावाचा घोटाळा

परगावी राहणारी मुले हौसेने इंटरनेटवर शोध घेतात आणि "कॅरम" या नावाखाली भलतीच वस्तू समोर येते. 'कॅरम बिलियर्ड्स' हा वेगळा खेळ. त्याच्या टेबलाला पॉकेटच नसतात. तीन चेंडू असतात आणि आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना स्पर्श करून गुण मिळवायचे असतात. त्याच्या मोठ्या टेबलाचा खेळण्याचा भाग २.८४ मीटर लांब व १.४२ मीटर रुंद असतो. कापडाखाली दगडी पाटीचे जड तक्ते असतात. लांब काठी फिरविण्यासाठी चारही बाजूंनी सुमारे दीड मीटर मोकळी जागा सोडली, तर खोली जवळपास १९ फूट बाय साडेचौदा फूट लागते. आपल्या घरांत ते जमणे कठीण. शिवाय तो खेळ उभ्याने, कमरेत वाकून खेळायचा असतो.

बिलियर्ड्स वाईट मुळीच नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. जवळच्या क्लबात टेबल असेल आणि गुडघे-कंबर साथ देत असतील, तर टेबलाभोवतीच्या फेऱ्यांनी चालणेही होते. परंतु घरातल्या ज्येष्ठासाठी खरेदी करायची, तर ती आपल्या परिचयाच्या लाकडी कॅरमचीच करावी.

बोर्ड पारखताना

स्पर्धेच्या बोर्डाचा खेळण्याचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २९ इंच चौरस असतो. चौकटीसह तो तीन फुटांच्या जवळ जातो. लहान मुलांसाठी मिळणारे छोटे बोर्ड ज्येष्ठांना घेऊ नयेत. त्यांच्या सोंगट्या लहान असतात, त्या बोटांना आणि डोळ्यांना दोहोंनाही त्रास देतात. पूर्ण आकाराच्या सोंगट्या सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी व्यासाच्या असतात आणि बोटांच्या चिमटीत नीट बसतात.

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटात खरेदीला जाल, तेव्हा दुकानदाराला बोर्ड खाली काढावयास सांगा आणि पुढील गोष्टी स्वतः पाहा.

पहिली गोष्ट प्लायवूडची जाडी. स्पर्धेच्या बोर्डाला निदान ८ मिलिमीटर जाडी लागते. बाजारात याहून पातळ आणि याहून दुप्पट जाड असे दोन्ही प्रकार मिळतात. पातळ पत्रा वर्षभरात मध्यभागी खचतो. अति जाड बोर्ड उत्तम चालतो. पण तो रोज उचलून ठेवायचा असेल, तर ज्येष्ठांच्या पाठीला धोका संभवतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने वाकून जड वस्तू उचलली, तर मणका दबून मोडू शकतो. घरगुती वापरासाठी ८ ते १२ मिलिमीटर पुरेसे आहे. बोर्ड कायम एकाच जागी राहणार असेल, तर अधिक जाड घेण्यास हरकत नाही. कोणताही बोर्ड दोघांनी मिळून उचलावा.

दुसरी गोष्ट सपाटपणा. डोळे पृष्ठभागाच्या पातळीवर आणून एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे पाहावे. मग एक सरळ पट्टी कडेवर उभी धरून दोन्ही तिरप्या दिशांनी ठेवावी; पट्टीखालून उजेड दिसला, तर तेथे खोलगटपणा आहे. त्यानंतर स्ट्रायकर जोराने मारून पाहावा. चांगल्या बोर्डावर जाणता खेळाडू पूर्ण ताकदीने मारतो, तेव्हा स्ट्रायकर समोरासमोरच्या चौकटींमध्ये निदान साडेतीन फेऱ्या घेतो. ज्येष्ठांच्या दृष्टीने या कसोटीला वेगळे महत्त्व आहे. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका बोटाला जोर कमी लागतो. सांधे दुखणाऱ्या हातांना खरखरीत बोर्ड दुप्पट थकवितो.

तिसरी गोष्ट चौकट. ती शिसम किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाची असावी. मऊ लाकडावर आदळलेला स्ट्रायकर मरगळून परततो. कोपऱ्यांचे सांधे घट्ट असावेत. कापसाचा एक बोळा घेऊन तो चौकटीच्या कडांवरून, खालच्या बाजूनेही, फिरवावा. कापूस जेथे अडकेल तेथे फास किंवा खिळ्याचे टोक आहे असे समजावे. वृद्धांची त्वचा पातळ असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साधी ओरखडही बराच वेळ वाहते. मधुमेह असेल, तर ती लवकर भरत नाही. कोपरे गोलसर असलेली चौकट मिळाल्यास तीच निवडावी.

चौथी गोष्ट चमक. दुकानात आरशासारखा झळकणारा बोर्ड मन मोहून घेतो. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश सहन होत नाही. गुळगुळीत असावे, झगझगीत नसावे. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड असू नये, आणि तो गडद, ठळक रंगाचा घ्यावा.

घरी आणल्यावर सोंगट्या एकाच दिशेने घरंगळू लागल्या, तर लगेच दुकानदाराशी वाद घालू नये. बोर्ड पाव फेरा फिरवून ठेवावा. सोंगट्या अजूनही खोलीच्या त्याच भिंतीकडे जात असतील, तर दोष फरशीच्या किंवा स्टँडच्या उताराचा आहे. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून तो दूर होतो. उतार बोर्डाबरोबरच फिरला, तर मात्र बोर्ड वाकडा आहे. तो परत करावा.

स्टँड, खुर्ची आणि दिवा

बोर्डावर सर्व पैसे खर्चून तो डुगडुगत्या स्टुलावर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. उठताना ज्येष्ठ व्यक्ती हमखास कॅरमच्या चौकटीचा आधार घेते. आधारच कलला, तर माणूस आणि बोर्ड दोन्ही खाली येतात. म्हणून स्टँड रुंद पायांचे, न हलणारे हवे. ६३ ते ७० सेंटिमीटर ही स्पर्धेतील उंची घरीही सोयीची असते. गुडघ्याचे किंवा खुब्याचे सांधे बदललेल्यांनी जमिनीवर मांडी घालून कॅरम खेळू नये.

खुर्ची हातांची, टणक बैठकीची, चाके नसलेली असावी. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. हलकी प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, ती टाळावी. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी मान खाली घालून नेम धरण्याऐवजी कमरेतून पुढे झुकावे आणि नेम झाला की पाठ टेकावी.

प्रकाश वरून, बोर्डाच्या मध्यावर पडावा आणि बल्ब डोळ्यांत येऊ नये, अशी टोपी त्यास असावी. एलईडी दिवा तापत नाही, म्हणून तो बरा. दिव्याची वायर छतावरून आणावी. जमिनीवरून ओढलेली वायर म्हणजे पाय अडकण्याची हमी.

आणखी एक बारीक गोष्ट. फिक्या बोर्डावर फिक्या सोंगट्या मंद नजरेला नीट दिसत नाहीत. काळ्या स्पष्ट दिसतात. नियमाप्रमाणे डाव फोडणाऱ्याच्या वाट्याला पांढऱ्या येतात. घरात मात्र आजी-आजोबांना नेहमी काळ्याच द्याव्यात. त्याने खेळाची शान जात नाही.

पावडर : सर्वांत दुर्लक्षित धोका

कॅरमची पावडर म्हणून सामान्यतः बोरिक पावडर विकली जाते. पूर्वी ती जखमांवर घालण्याची पद्धत होती, त्यामुळे अनेकांना ती निरुपद्रवी वाटते. तसे नाही. ती पोटात गेल्यास विषारी आहे आणि फाटलेल्या त्वचेतून शरीरात शोषली जाते. लहान बालकाच्या पोटात थोडी गेली, तरी गंभीर प्रसंग ओढवू शकतो. दिसायला ती खाण्याच्या सोड्यासारखी असते, म्हणून स्वयंपाकघरात तिला कधीही जागा देऊ नये. मूळ डबीतच, नाव लिहून, कुलपात ठेवावी. खेळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. खेळताना तंबाखू मळण्याची सवय असेल, तर ती पावडर थेट तोंडात जाते. तंबाखू सोडण्यास हे आणखी एक कारण मानावे. चुकून कोणाच्या पोटात पावडर गेलीच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करविण्याच्या फंदात न पडता डबीसह तात्काळ रुग्णालय गाठावे.

तिला पर्याय म्हणून अंगाला लावायची टाल्कम पावडरही नको. तिचा बारीक धुरळा श्वासातून फुप्फुसांत जातो; तान्ह्या बाळांना आणि दमेकऱ्यांना तो विशेष घातक. पावडर कोणतीही असो, चिमूटभर पुरते. ती बोर्डाजवळ हात नेऊन हळूच सोडावी. फुंकर मारून पसरवू नये.

खरा घात करते ती जमिनीवर सांडलेली पावडर. स्ट्रायकर ज्या गुणाने बोर्डावर सरकतो, त्याच गुणाने आपला पायही फरशीवर सरकतो. खुब्याचे हाड मोडणे म्हणजे उतारवयात शस्त्रक्रिया, अंथरूण आणि अनेकदा कायमचे परावलंबन. प्रत्येक खेळानंतर बोर्डाखालची फरशी ओल्या फडक्याने पुसावी, ती कोरडी झाल्यावरच ज्येष्ठांनी उठावे. खाली सतरंजी अंथरू नये. तिच्या कडेत पाय अडकतो. बोर्डाला मात्र ओले फडके कधी लावू नये. त्यास कोरडे, मऊ कापड वापरावे.

आजार आणि खेळ

मधुमेहींनी जेवणाची वा इन्सुलिननंतरच्या खाण्याची वेळ डावासाठी पुढे ढकलू नये. खेळताना घाम, थरथर, चिडचिड जाणवली, तर ती हरण्याची चीड न समजता साखर उतरल्याची शंका घ्यावी. शक्य असल्यास लगेच तपासावी. नसल्यास आधी साखर-पाणी द्यावे. माणूस गुंगीत असेल, तर तोंडाने काही न देता रुग्णालयात न्यावे.

रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना बराच वेळ बसून एकदम उठल्यावर घेरी येते. पाऊण तासापेक्षा अधिक सलग बसू नये. उठण्यापूर्वी पायांचे पंजे दहा-पंधरा वेळा वर-खाली करावेत, क्षणभर उभे राहावे, मगच पाऊल टाकावे.

बोटांचे सांधे दुखत असतील, तर टिचकीऐवजी बोटाने ढकलून मारण्याची मुभा द्यावी. नख मारून स्ट्रायकर उडविण्याची सवय मधुमेहींनी सोडावी. नखाच्या कडेची जखम चिघळते. कंपवाताच्या रुग्णाचा हात नेम धरताना थरथरतो. त्याला घाई करू नये आणि त्याच्या वतीने कोणी स्ट्रायकर लावून देऊ नये.

पक्षाघातानंतरच्या बोटांच्या हालचालींसाठी कॅरम हे व्यायामोपचारांचे चांगले पूरक आहे, त्यांचा पर्याय नव्हे. माझ्या एका रुग्णाचे, निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. स्पंजचा चेंडू दाबण्याचा व्यायाम ते चार दिवसांत कंटाळून सोडत. पत्नीने रोज दुपारी कॅरम मांडावयास सुरुवात केली. सोंगट्या उचलून मध्यभागी रचण्याचे काम दुबळ्या हाताकडे दिले. हात पूर्ववत झाला नाही. पण शर्टाचे बटण लावण्याइतकी चिमूट परत आली, आणि दुपारच्या वेळी त्यांच्या घरातून आवाज येऊ लागला. फिजिओथेरपी अर्थातच चालू होती.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना गुण, राणी, कव्हर हे नियम आठवत नाहीत. त्यांना चुका दाखवू नयेत. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या वेगळ्या करणे, त्या पॉकेटमध्ये टाकणे, एवढाही खेळ पुरतो. आजार बराच वाढला असेल, तर वस्तू तोंडात घालण्याची शक्यता ध्यानात घेऊन जवळ बसावे आणि पावडर वापरूच नये.

पैशांच्या पैजा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. हृदयविकार असलेल्यांना तो ताण परवडत नाही, आणि आखाजीच्या पत्त्यांत काय होते हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या हवेत बोर्ड टिकविण्यासाठी

खानदेशचा उन्हाळा लाकडाला आकसवतो, मृगाचा ओलावा फुगवतो. त्यात आपला पाण्याचा कूलर. कूलरचा ओलसर झोत थेट बोर्डावर आला, तर पावडरचा लगदा होतो आणि प्लायवूड वाकते. बोर्ड झोताच्या वाटेतून बाजूला घ्यावा. खेळाडूंच्या अंगावर वारा यावा, बोर्डावर नव्हे. खेळ झाल्यावर तो सपाट जागी ठेवावा. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला बोर्ड मधोमध पोटाडतो. धाब्यावर, गच्चीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीशी ठेवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन शब्द

खरेदीत पैसे कमी पडत असतील, तर क्रम असा ठेवावा : आधी सपाट बोर्ड, मग भक्कम स्टँड, मग हातांची खुर्ची आणि दिवा. किमती लाकडाची नक्षी आणि पॉलिश शेवटी. जुना पण सपाट बोर्ड नातलगाकडे पडून असेल, तर तोही चालतो. कडा घासून घ्याव्यात आणि पॉकेटच्या जाळ्या बदलून घ्याव्यात.

मात्र बोर्ड आणून देणे म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. महिन्याभरात त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि वाळवणाचे ताट दिसू लागते, याचे कारण बोर्ड वाईट असतो हे नसून समोर बसणारा कोणी नसतो, हे असते. म्हणून वेळ ठरवून घ्यावी. दुपारी चार वाजता, एकच डाव. सून नोकरीवर असेल तर शेजारचे आबा, नातू शाळेत असेल तर समोरच्या काकू. दिवसभर सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही या अर्ध्या तासात औषध, लघवी, जेवण यांपलीकडचे काही बोलता येते. रुग्ण आणि परिचारिका हे नाते तेवढ्यापुरते बाजूला पडून नवरा-बायको, सासू-सून किंवा बाप-लेक समोरासमोर बसतात. आणि आपले माणूस जिंकत असेल, तर त्याला मुद्दाम जिंकू दिले आहे असे कळू देऊ नये. ते त्यांना नेमके कळते.